सुताचा जोड आणि खताचे पोते

अंगातला सुती सदरा काढून जरा हातात घ्या. या सदऱ्याच्या कापडात सुताला किती ठिकाणी जोड दिलेला असेल? शिलाईचे टाके मोजू नका. ज्या धाग्याने कापड विणले, त्या धाग्याचेच जोड विचारतो आहे. हिशेब पुढे मांडला आहे, पण उत्तर आधीच सांगून टाकतो : दहा-बारा तरी असतील. चाचपून बघा, एकही हाताला लागायचा नाही. उजेडावर धरा, तरी दिसायचा नाही. आणि लागला किंवा दिसला, तर तो कापड दुकानदाराने परत केला असता, दुकानदाराचा मागवाल्याने आणि मागवाल्याचा सूतगिरणीने ऐकून घेतला असता.

आता तुम्ही म्हणाल, सुताचा जोड हा गिरणीतल्या मेस्त्रीचा धंदा. शेतीच्या पानावर त्याचे काय काम? काम आहे. गिरणीत धागा का तुटतो, का कापावा लागतो आणि पुन्हा का सांधावा लागतो, याची निम्मी कारणे गिरणीत असली तरी उरलेली जिनिंगच्या अंगणात, बाजार समितीच्या ओट्यावर आणि आपल्या पऱ्हाटीच्या सरीत सापडतात. कापसाला भाव का मिळत नाही यावर आपण रात्र रात्र बोलतो. त्यातला एक लहानसा, पण पक्का धागा इथे हाती लागतो.

टकळी आठवते का?

पन्नाशी-साठीच्या पुढच्या वाचकांना शाळेतली सूतकताई आठवत असेल. हातात पेळू, टकळीला गरका, आणि गुरुजींचे लक्ष नसले की सूत तुटायचेच. तुटले की आपण गाठ मारत होतो का? नाही. सुताचे टोक थोडे उकलायचे, पेळूतून निघणारे मोकळे तंतू त्या टोकावर टेकवायचे आणि टकळी फिरवायची. पीळ चढला की जुने टोक आणि नवे तंतू एकजीव. गावात अंबाडीचा दोर वळणाराही हेच करतो. वाख संपत आला की गाठ मारत नाही, नवा वाख जुन्यात घालून वळत जातो. गाठ मारलेला दोर मोटेच्या चाकावरून कधी सरळ गेला नाही, हे जुन्या माणसांना सांगायला नको.

गिरणीतल्या रिंगफ्रेमवर आजही मूळ युक्ती तीच आहे. एका यंत्रावर हजार-बाराशे चात्या, प्रत्येक चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेऱ्या घेते. धागा तुटला की रुळातून येणारे तंतू वाया जाऊ नयेत म्हणून खालची नळी ते ओढून घेते. कामगार येतो, गुडघ्याने चातीचा ब्रेक दाबतो, बॉबिनीवरचे टोक शोधून काढतो, ते छोट्या लोखंडी कडीतून (तिला ट्रॅव्हलर म्हणतात) ओवतो आणि रुळाजवळ नेऊन बाहेर पडणाऱ्या तंतूंना अलगद चिकटवतो. ब्रेक सोडला की पीळ वर चढतो आणि धागा चालू. सरावलेल्या हाताला काही सेकंद पुरतात. बघणाऱ्याला वाटते काहीच झाले नाही.

हे काम यंत्राच्या हाती द्यायला फार वर्षे लागली. २०१९ साली बार्सिलोनाच्या वस्त्रयंत्र प्रदर्शनात स्वित्झर्लंडच्या रीटर कंपनीने रिंगफ्रेमच्या कडेने फिरत तुटका धागा सांधणारा यंत्रमानव मांडला. पण आपल्याकडच्या बहुतेक गिरण्यांत सांधणी माणसाच्याच बोटांवर चालते. म्हणजे धागा जितका जास्त तुटेल तितकी माणसे जास्त, किंवा तितक्या चात्या रिकाम्या फिरणार. तुटीचे कारण तरी काय? तंतू आखूड, कच्चे. मावा किंवा पांढऱ्या माशीने चिकटा सोडलेली रुई रुळाला गुंडाळते. सरकीच्या टरफलाचा तुकडा धाग्यात येतो. आता यातले गिरणीत काय तयार झाले आणि शेतात काय, ते तुम्हीच ठरवा.

विणकरी गाठ

रिंगफ्रेमवरची बॉबिन लहान असते, पन्नास-साठ ग्रॅम सुताची. एवढ्यावर माग चालत नाही. म्हणून पुढच्या वाइंडिंग खात्यात पुष्कळ बॉबिनी एकापाठोपाठ उकलून एका मोठ्या कोनावर गुंडाळतात. एक बॉबिन संपली, दुसरी लावली, की दोन टोके जोडायची. इथे मात्र टकळीची युक्ती चालत नाही, कारण दोन्ही बाजूंचे सूत पुरते पिळलेले असते. मोकळे तंतू आणायचे कुठून?

म्हणून गाठ. ज्या गाठीने विणकर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले ती विणकरी गाठ. एका टोकाचा फासा, दुसरे टोक त्यातून वर येऊन मागून वळते आणि स्वतःखालीच अडकते. ती चपटी बसते आणि थोडक्या सुतात होते. दुसरी कोळी गाठ. जाळे विणणारे मारतात तशी : दोन्ही टोके एकमेकांभोवती गाठाळून आवळायची. ती सुटत नाही, पण जाड होते. सुताला पहिली आणि गुळगुळीत कृत्रिम धाग्याला दुसरी, असा जुना रिवाज.

मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग खाते म्हणजे बायांचे खाते होते. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांचा संसार या गाठींवर चालला. हाताने गाठ मारायला वेळ लागतो आणि प्रत्येकीची गाठ वेगळी पडते. त्यावर अमेरिकेतल्या रॉकफर्ड गावच्या हॉवर्ड कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हातात बसणारे एक यंत्र आणले. डाव्या पंजात पट्ट्याने बसवायचे, दोन टोके त्याच्या चोचीवर टाकायची, अंगठ्याने खटका दाबायचा. चोच गरकन फिरते, गाठ पडते आणि जादा शेंडी कापलीही जाते. बार्बर-कोलमन कंपनीचा हा नॉटर पुढे जगभर गेला. आपल्या गिरण्यांतही हातनॉटर सर्रास होता. १९६० च्या दशकात स्वयंचलित कोन-वाइंडिंग यंत्रे आली तेव्हा त्यांनीही आधी गाठच मारली, फक्त हाताऐवजी यंत्राने.

गाठीत वाईट काय? मजबुतीत काही नाही. नीट मारलेली गाठ ओढून तुटत नाही. पण तिची जाडी सुताच्या दुप्पट-तिप्पट होते आणि दोन शेंड्या बाहेर राहतात. मागावर ताण्याचा प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या दोन दातांमधून मिनिटाला शेकडो वेळा घासत जातो. गाठ तिथे अडली की धागा तुटतो, शेजारच्या धाग्याला शेंडी अडकली की तोही तुटतो, आणि माग उभा. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडच्या साध्या यंत्रमागांचा वेग कमी होता तोवर हे निभले. बिनधोट्याचे माग आले, हवेच्या झोताने आडवा धागा फेकणारे माग आले, आणि गाठ नकोशी झाली. होजियरीत तर आणखी बिकट. बनियनचे कापड विणणारी सुई बारीक, तिच्या तोंडात गाठ आली की सुई मोडते किंवा भोक पडते. तिरुप्पूरचा होजियरीवाला गाठीचे सूत हातात धरणार नाही.

हवेचा जोड

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एक नवी गोष्ट आली : गाठ न मारता हवेने सांधायचे. इटलीची मेस्डान, जर्मनीची श्लाफहोर्स्ट, जपानची मुराता, इटलीचीच साविओ या कंपन्यांनी ती वाढवली. यंत्राला स्प्लायसर म्हणतात. गिरणीत गेलात तर जरा वेळ काढून वाइंडिंग यंत्रासमोर उभे राहा, बघण्यासारखे आहे.

धागा तुटला किंवा बॉबिन संपली की दोन शोषक नळ्या हलतात. एक खाली जाऊन बॉबिनीचे टोक ओढून घेते, दुसरी वर कोनावर तोंड लावून तिथले टोक शोधते. दोन्ही टोके उलट-सुलट दिशांनी एका लहानशा डबीत आणून ठेवली जातात. कात्री त्यांना ठरलेल्या लांबीवर कापते. मग प्रत्येक टोक एका बारीक नळीत शिरते आणि तिथे हवेचा झोत त्याचा पीळ उकलतो. आखूड तंतू उडून जातात, लांब तंतू मोकळे होऊन कुंचल्यासारखे पसरतात. म्हणजे टकळीच्या वेळी पेळूतून मिळत होते ते मोकळे तंतू इथे पिळलेल्या सुतातूनच तयार करून घेतले! मग ही दोन कुंचली टोके एकमेकांवर ठेवतात, डबीचे झाकण बंद होते आणि पाच-सहा बार दाबाची हवा क्षणार्धासाठी भोवरा करून आत सुटते. तंतू एकमेकांत गुंततात, कडेचे तंतू भोवती वेढे घेतात. झाकण उघडते, धागा पळू लागतो. सगळा खेळ दहा-बारा सेकंदांच्या आत.

जोडाची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. जाडी सुतापेक्षा थोडीशीच जास्त, दहा ते तीस टक्के. ताकद मूळ सुताच्या ऐंशी-नव्वद टक्के. शेंडी नाही. रंगवल्यावर दिसत नाही.

जाड सुताला, जीनच्या कापडाच्या दुपदरी-तिपदरी धाग्याला कोरडी हवा पुरत नाही. तिथे हवेबरोबर पाण्याचा बारीक फवारा सोडतात. ओला तंतू लवचीक होतो, घट्ट बसतो. वात वळताना बोट ओले करायची आजीची खोड इथे कामी आलेली दिसते. लोकरीला गरम हवा. मधे ताणाचा रबरी धागा असलेल्या सुताला वेगळी सोय, नाहीतर आतला धागा आखडून पळतो. साविओ कंपनीने तर हवा न वापरता दोन चकत्यांमध्ये टोके धरून पीळ उकलण्याचा आणि परत चढवण्याचाही प्रकार काढला.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. हवेचा जोड उभा राहतो तो तंतूच्या लांबीवर. दोन-अडीच सेंटिमीटरच्या जोडात २८-३० मिलिमीटरचा तंतू दोन्हीकडे पकड घेतो. तिथे आखूड, कच्चा, फरदडीचा तंतू मिसळला असेल तर झोतात तो उडून तरी जातो किंवा पकड तरी धरत नाही. गाठीला आखूड-लांब तंतूचे एवढे सोयरसुतक नव्हते. स्प्लायसरला आहे. पहिल्या वेचणीचा कापूस आणि शेवटची कवडी एकाच ढिगात लोटली तर ग्रेडरला फसवता येईल, स्प्लायसरला नाही.

सदऱ्याचा हिशेब

वर दहा-बारा जोड म्हटले त्याचा हिशेब असा. ३० नंबरचे सूत धरा. त्याचे एक किलो म्हणजे सुमारे ५१ किलोमीटर लांबी. एक कोन पावणेदोन-दोन किलोचा, म्हणजे त्यावर जवळजवळ ९६ किलोमीटर सूत. बॉबिन ५५ ग्रॅमची, तेव्हा एका कोनाला ३४ बॉबिनी लागल्या आणि तेवढेच जोड पडले. शिवाय वाइंडिंगच्या प्रत्येक ठिकाणी एक विजेचा डोळा असतो. सूत त्यातून धावताना जाड, बारीक, परका तंतू असलेला तुकडा दिसला की तो कापून टाकतो आणि स्प्लायसर पुन्हा सांधतो. दर १०० किलोमीटरला असे ५० काप धरले तर या कोनावर ४८ झाले. एकूण ८२. म्हणजे दर १,१७० मीटरला एक जोड.

कापड ४८ इंच पन्ह्याचे, इंचाला उभे ६० आणि आडवे ६० धागे. एक मीटर कापडात पावणेसहा किलोमीटर सूत जाते. म्हणजे मीटरला पाच जोड, आणि सव्वादोन मीटरच्या सदऱ्याला अकरा.

हाच हिशेब उलटा आपल्या बाजूने करा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. कचरा-घट जाऊन २९ किलो सूत. लांबी काढली तर १,४७५ किलोमीटरच्या आसपास. मुंबई सेंट्रलहून रेल्वेने दिल्ली गाठून वर पुष्कळ उरते. त्या सगळ्या वाटेवर बाराशेच्या वर जोड. त्यातले पाचशे बॉबिन बदलल्याचे, ते टळणार नाहीत. उरलेले सातशे दोष कापल्याचे आहेत, आणि कमी-जास्त होतात ते हेच.

एक काप म्हणजे काय खर्च? ते एक ठिकाण दहाएक सेकंद थांबले. मिनिटाला बाराशे-दीडहजार मीटरने चालणारे यंत्र तेवढ्यात दोनशे मीटर सूत गुंडाळले असते. मीटर-दीड मीटर सूत कचऱ्यात गेले. दाबाची हवा गेली, आणि हवा दाबायला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज लागते. एका कापाचे पैसे नगण्य. पण पंचवीस हजार चात्यांच्या गिरणीत दिवसाला हजारो काप पडतात तेव्हा तो आकडा ताळेबंदात दिसू लागतो.

पोत्याचा तंतू

दोष अनेक प्रकारचे. जाड-बारीक धागा हा बहुतेक गिरणीच्या यंत्रांचा आणि तंतूच्या प्रतीचा दोष. पण ज्याने गिरणीवाल्याची झोप उडते तो परका तंतू. त्यात काय काय सापडते? सुतळी, गोणपाटाचे धागे, माणसाचे केस, कोंबडीचे पीस, रंगीत लुगड्याची दशी, गुटख्याच्या पुडीचा तुकडा, चॉकलेटचा कागद. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे युरियाच्या पोत्याचा पांढरा प्लास्टिक तंतू.

हे पोते म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या चपट्या पट्ट्यांची वीण. उन्हात दोन महिने पडले की पट्ट्या ठिसूळ होतात, चिरफळतात. अशा पोत्यात कापूस दाबून भरला, बांधून नेला, ओतला, की कडेच्या पट्ट्या कापसात उतरल्या. जिनिंगमध्ये त्या रुईबरोबर पुढे जातात. गिरणीच्या पिंजणीच्या यंत्रावर लाखो बारीक दात असतात. तंतू तंतू वेगळा करणे हेच त्यांचे काम. ते बोटभर पट्टीचेही इमानाने शेकडो केस करतात. म्हणजे आपण एक तुकडा टाकला, कापडात मात्र तो शेकडो ठिकाणी उगवला.

कापड पांढरे असेतो कळत नाही. रंगवले की कळते. कापसाचा रंग पॉलिप्रॉपिलीनला चढत नाही. निळ्या कापडावर पांढरी रेघ! शिवलेला कपडा परत येतो, आणि परतफेड सूतगिरणीकडून मागितली जाते.

मग विजेचा डोळा काय करतो? १९९० च्या दशकापासून परका तंतू ओळखणारे डोळे आले. उस्टर आणि लोएफे या स्वित्झर्लंडच्या कंपन्या त्यात पुढे. काळा केस, पिवळी सुतळी, लाल दशी ते उजेडावर बरोबर पकडतात. पण पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही. पांढऱ्या प्लास्टिकसाठी वेगळी, महागडी व्यवस्था लागते आणि तीही सगळे पकडत नाही. म्हणून गिरण्या रुईची गाठ फोडल्यावर (आता ही गाठ म्हणजे १७० किलोची, मघाची नव्हे) बाया बसवून हाताने निवडून घेतात. घरी तांदूळ निवडावा तसा कापूस निवडायचा. हा खर्च गिरणी स्वतःच्या खिशातून करत नाही, एवढे लक्षात ठेवा. तो भावात आधीच धरलेला असतो.

वस्त्रोद्योगाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने जगभरच्या गिरण्यांना विचारून वेळोवेळी कापसातल्या परक्या वस्तूंच्या पाहण्या केल्या. त्यांत भारतातल्या काही कापसांची नावे सर्वांत मळक्या यादीत आली. ऑस्ट्रेलियाचा कापूस यंत्राने वेचला जातो आणि सरळ बंदिस्त जातो. आपला कापूस हाताने वेचलेला, म्हणजे खरे तर अधिक स्वच्छ निघायला हवा! झाडावर तो स्वच्छच असतो. वाटेत घाण होतो.

मग आम्हाला काय मिळते?

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणाऱ्याने शेतकऱ्याला उपदेश करू नये. वेचणी किलोवर दिली जाते. वेचणारी माउली दिवसाला जितके किलो वेचेल तितके तिच्या पदरात. तिने थांबून पाला काढावा, केसाला फडके बांधावे, असे म्हणणाऱ्याने तिला त्याचे दोन पैसे जादा दिले आहेत का? शेतकऱ्याने कापडी झोळीत कापूस आणला आणि शेजाऱ्याने युरियाच्या पोत्यात, तर जिनिंगच्या फाट्यावर दोघांना एकच भाव. ओलावा बघतात, लांबी बघतात, रंग बघतात. पोते कसले ते कोणी विचारत नाही. आणि चांगला-वाईट दोन्ही कापूस एकाच ढिगावर पडला की स्वच्छतेचे श्रम तिथेच संपले.

२००० साली केंद्राने कापसासाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. तिच्यातून पुष्कळ बाजार आवार पक्के झाले, जिनिंगमध्ये कापूस वाहून नेणारे पट्टे आले, मातीवरचे ढीग कमी झाले. २०२० मध्ये भारतीय कापसाला 'कस्तुरी' हे नाव देण्यात आले आणि पुढे प्रमाणित गाठीला क्यूआर खूण लावून तिचा माग ठेवण्याची सोय झाली. चांगले आहे. पण माग गाठीपर्यंतच येऊन थांबला तर उपयोग निम्माच. गाठीच्या मागे शेत आहे.

माझ्या मते गुंता सुटायचा तर एकट्या-दुकट्या शेतकऱ्याकडून सुटणार नाही. एका गावाने, शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा सोसायटीने शे-दोनशे क्विंटल कापूस एकाच पद्धतीने वेचून, सुती झोळ्यांतून आणून, एकाच लॉटमध्ये जिनिंग करून घेतला तर तो लॉट वेगळा विकता येतो. जिनिंगवाला एका बैलगाडीसाठी यंत्र थांबवणार नाही, दोनशे क्विंटलसाठी थांबवेल. भाव ठरवताना तेव्हा तोंड उघडता येते.

संचालकांनी विचारायचे

सूतगिरणीचे संचालक पुष्कळदा शेतकरीच असतात, निदान निवडून येताना तरी. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या बंद पडल्या, काही अवसायनात गेल्या. जिथे चात्या फिरत आहेत तिथे सभासदाने वार्षिक सभेत पगार आणि चहापाण्याच्या खर्चाबरोबर आणखी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात.

१०० किलोमीटरमागे काप किती पडले, आणि त्यांतले परक्या तंतूचे किती? हा आकडा वाइंडिंगचे यंत्र स्वतःच मांडून ठेवते, कोणाला कागद-पेन्सिल घ्यावी लागत नाही. मॅनेजर डोळा ढिला करून हा आकडा कमी दाखवू शकतो, कारण डोळा जितका कडक तितके काप जास्त आणि उत्पादन कमी. म्हणून डोळा कसा लावला आहे तेही विचारा.

जोडाची ताकद मूळ सुताच्या किती टक्के येते? गिरणीच्या प्रयोगशाळेत जोड असलेला आणि नसलेला धागा ओढून बघतात. ऐंशीच्या खाली जाऊ लागला तर बहुधा स्प्लायसरची कात्री बोथट झाली आहे, उकलणाऱ्या नळ्यांत कचरा बसला आहे, किंवा हवेचा दाब पडतो आहे. हवेत पाणी वा तेल येत असेल तर जोड डागाळतो. ही दुरुस्ती स्वस्त आहे. ती न केल्याने मागवाला तुटतो ती महाग पडते.

आणि तिसरे, माझ्या दृष्टीने महत्त्वाचे. कुठल्या जिनिंगच्या लॉटवर परके तंतू जास्त निघाले, हे गिरणीला ठाऊक असते. शेतकऱ्याला कधीच कळत नाही. तो तक्ता गिरणीच्या फाटकावर आणि बाजार समितीच्या फळ्यावर हंगामात दर आठवड्याला लावायला काय हरकत आहे? एखाद्या गावचा कापूस खरोखर स्वच्छ निघाला तर त्या गावाच्या सरपंचाला व्यापाऱ्यासमोर ठेवायला एक कागद मिळेल. आज त्याच्या हातात फक्त तोंडी शब्द असतो.

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी मंडळींना यात मोठा निधी लागत नाही. रिकाम्या खतपोत्यांना वेचणीच्या आधी दुसरी वाट दाखवली, तीही घराघरांतून गोळा करून, तर निम्मे काम झाले. गावच्या महिला बचत गटाला झोळ्या शिवायला दिल्या तर चार पैसे गावातच राहतील.

वेचणीपुरते चार शब्द. दव सुकले की लगेच वेचायला लागावे. भर दुपारी पाला कुरकुरीत होतो आणि त्याचा चुरा बोंडाला चिकटतो. खालच्या बोंडांपासून वर जावे, म्हणजे वरचा पाला खालच्या उघड्या बोंडात पडत नाही. कवडी आणि पिवळा, किडका कापूस ओटीच्या वेगळ्या खणात. डोक्याला फडके. घरी कापूस साठवायचा तर प्लास्टिकच्या ताडपत्रीवर नको, सुती चादरीवर. आणि कोंबड्यांना त्या खोलीत मज्जाव.

झोळी शिवायची तर मांजरपाटाची किंवा जुन्या पांढऱ्या धोतराची. रंगीत लुगडे चालत नाही, त्याची दशी रुईत उतरते आणि विजेचा डोळा तिला कापतो. शिवायचा दोराही सुतीच घ्या. बाजारात पोती शिवायचा नायलॉनचा दोरा स्वस्त आणि चिवट मिळतो, पण उसवला की तो झोळीतून कापसात, आणि कापसातून पिंजणीच्या दातांत जातो.